डुकरांच्या लाळेची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती वराहपालक, पशुवैद्यक आणि प्रत्यक्ष नमुने गोळा करणारे कर्मचारी यांच्यासाठी आहे. लाळ गोळा करणे सोपे आहे, म्हणूनच ती निष्काळजीपणे गोळा केली जाते आणि मग अहवालातल्या आकड्यांवर वाद होतात. त्यामुळे नमुना कसा घ्यायचा आणि तो कशाने बिघडतो, यावर इथे जास्त भर दिला आहे.

लाळेतून नेमके काय कळते?

दोन वेगळ्या गोष्टी कळतात. पहिली म्हणजे कळपात कोणता रोगजंतू फिरतो आहे. त्यासाठी पीसीआरने विषाणूचे किंवा जिवाणूचे जनुकीय द्रव्य शोधतात, किंवा एलायझाने त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. पीआरआरएस (डुकरांच्या प्रजननावर आणि श्वसनावर परिणाम करणारा विषाणूजन्य आजार), स्वाइन इन्फ्लुएंझा, पोर्साइन सर्कोव्हायरस २ यांसाठी ही पद्धत चांगली रुळली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे जनावराच्या शरीरात काय चालले आहे: ताण, दाह, प्रतिकारशक्तीची धावपळ. त्यासाठी कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक), हॅप्टोग्लोबिन, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अडेनोसिन डीॲमिनेज असे घटक मोजतात.

या दोन कामांसाठी नमुना घेण्याची पद्धत सारखी नाही. पहिल्या कामाला अख्ख्या कप्प्याचा मिळून एक नमुना चालतो: कप्प्यात सुती दोर टांगून डुकरांना चघळू देतात आणि मग तो पिळून घेतात. दुसऱ्या कामाला बहुतेक वेळा एकेका जनावराची लाळ स्वतंत्र लागते. दोर टांगण्याआधी आपल्याला यातले काय हवे आहे ते ठरवा आणि प्रयोगशाळेशी तसे बोलून घ्या.

रक्त सोडून लाळ का?

डुकराचे रक्त काढायचे म्हणजे त्याला धरावे लागते. मोठ्या जनावराच्या वरच्या जबड्याला फास लावतात, ते किंचाळते, बाकीची बिथरतात. या धरपकडीनेच काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढू लागते. म्हणजे ताण मोजायला गेलो आणि मोजमापानेच ताण दिला, असे होते. डुक्कर मात्र मुळातच उकरणारे आणि चघळणारे जनावर आहे. दोर समोर आला की ते स्वतःहून येते. जनावराला त्रास न देता माहिती मिळते, हे या पद्धतीचे सगळ्यात मोठे बळ आहे असे आम्ही मानतो. २५ डुकरांच्या कप्प्याचा नमुना अर्ध्या तासात एक माणूस घेऊ शकतो, ही सोय त्यानंतरची.

चघळलेल्या दोरातून पीआरआरएसचा विषाणू शोधण्याच्या कामाला २००८ च्या सुमारास अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठातून वेग आला. वैयक्तिक लाळेतील ताण व दाहाच्या खुणांवर स्पेनमधील मुर्सिया विद्यापीठात बरेच काम झाले आहे.

दोरातून निघते ती निव्वळ लाळ असते का?

नाही. तिला तोंडातील द्रव म्हणणे जास्त बरोबर. त्यात लाळग्रंथींचा स्राव असतो, हिरड्यांच्या कडेतून झिरपलेला द्रव असतो, आणि त्याबरोबर रक्तातली काही आयजीजी प्रतिपिंडेही येतात. शिवाय खाद्याचे कण, धूळ, पाणी आणि जमिनीवरून तोंडात गेलेले काहीही त्यात असू शकते. म्हणून दोराचा पीसीआर पॉझिटिव्ह आला तर ‘या कप्प्यात विषाणू आहे’ एवढेच म्हणता येते. कोणत्या डुकराला लागण झाली, हे त्यातून कळत नाही.

दोर कोणता घ्यावा?

तीन पदरी पिळाचा, शंभर टक्के सुती, रंग न दिलेला आणि ब्लीच न केलेला. नुकत्याच दूध तोडलेल्या पिल्लांसाठी सुमारे १.३ सेंमी जाडीचा, वाढत्या आणि विक्रीच्या वजनाच्या डुकरांसाठी सुमारे १.६ सेंमी जाडीचा. पातळ दोर मोठी डुकरे दोन मिनिटांत तोडून नेतात. नायलॉनचा दोर द्रव शोषत नाही आणि त्याचे धागे पोटात जाऊ शकतात, म्हणून तो नकोच. रंगवलेल्या किंवा रसायन लावलेल्या दोराने पीसीआरमध्ये अडथळा येऊ शकतो.

दोराने नमुना घेण्याची पूर्ण कृती कशी?

जागा आधी निवडा. दोर गव्हाणीपासून, पाण्याच्या निपलपासून आणि शेण टाकण्याच्या कोपऱ्यापासून लांब हवा. शेजारच्या कप्प्यातली डुकरे त्याला तोंड लावू शकतील अशा जाळीच्या कडेला टांगू नका, नाहीतर दोन कप्प्यांचा नमुना एकत्र होईल. दोर कड्याला किंवा पट्टीला घट्ट बांधा. त्याचे खालचे टोक त्या कप्प्यातल्या डुकरांच्या खांद्याच्या उंचीवर यायला हवे. टोकाचे पदर थोडे उलगडून ठेवले तर डुकरांना पकडायला सोपे जाते.

मग कप्प्यातून बाहेर या आणि २० ते ३० मिनिटे थांबा. माणूस आत उभा राहिला की डुकरे दोर सोडून माणसाच्या बुटांकडे वळतात. सकाळी डुकरे जास्त चपळ असतात, तेव्हा दोर लवकर भिजतो. भरपेट खाऊन ती आडवी झाली असतील तर थांबणे व्यर्थ आहे.

दोर जड आणि ओला लागला की हातमोजे घाला. प्रत्येक कप्प्याला नवी जोडी. ओले टोक नव्या प्लास्टिक पिशवीत घाला, पिशवीच्या बाहेरून दोर मुठीत धरून वरून खाली पिळत या. द्रव पिशवीच्या एका कोपऱ्यात जमतो. त्या कोपऱ्याला छोटी कात्री मारून तो झाकणाच्या नळीत उतरवा. चांगल्या भिजलेल्या दोरातून ५ ते ३० मिली द्रव मिळतो, पण ३ ते ५ मिली पुरतो. नळी काठोकाठ भरू नका, गोठल्यावर झाकण उडते. दोरावर मातीचा किंवा शेणाचा थर दिसला तर तो पिळण्याआधी झटकून टाका. फारच माखला असेल तर नवा दोर टांगा.

कात्री प्रत्येक कप्प्यानंतर पुसून निर्जंतुक करा. वाटायला ही बारीक गोष्ट आहे, पण पीसीआर इतकी संवेदनशील असते की मागच्या कप्प्याचा एक थेंबही पुढचा निकाल बदलू शकतो.

डुकरे दोराला तोंडच लावत नाहीत. काय करावे?

पहिल्यांदा असे होतेच. आदल्या दिवशी तसाच एक दोर अर्धा तास टांगून ठेवा आणि फेकून द्या. एकदा ओळख झाली की दुसऱ्या दिवशी डुकरे धावत येतात. एकेकट्या पिंजऱ्यात ठेवलेल्या गाभण माद्यांना जास्त वेळ लागतो, त्यांच्यासाठी दोन-तीनदा सराव करून घ्यावा.

दोराला फळांचा रस किंवा साखरेचे पाणी लावण्याची युक्ती काही जण वापरतात. केवळ पीसीआरसाठी नमुना असेल आणि प्रयोगशाळेची हरकत नसेल तरच करा. ताणाच्या किंवा दाहाच्या खुणा मोजायच्या असतील तर अजिबात नको: गोडाने लाळ एकदम सुटते, पातळ होते आणि आकडे खाली येतात.

पण एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. काल चघळणारा कप्पा आज दोराकडे फिरकत नसेल, तर तोच एक निकाल आहे. त्या कप्प्यातल्या डुकरांचे तापमान घ्या.

एका दोरावर किती डुकरांचा भरवसा ठेवावा?

साधारण २५ डुकरांमागे एक दोर. मोठ्या कप्प्यात दोन-तीन दोर एकमेकांपासून लांब टांगा, म्हणजे दांडगी डुकरे एकाच दोरावर ठाण मांडणार नाहीत.

आता थोडे गणित. समजा २५ पैकी ७० टक्के डुकरे दोर चघळतात आणि फक्त एकालाच लागण झाली आहे. ते एक डुक्कर दोरापर्यंत येण्याची शक्यता फार तर ७० टक्के. लागण झालेली तीन डुकरे असतील तर तिघांपैकी एकही न येण्याची शक्यता ०.३ × ०.३ × ०.३ म्हणजे सुमारे २.७ टक्के, म्हणून किमान एक येण्याची ९७ टक्के. प्रत्यक्षात तापाने फणफणलेले डुक्कर निरोग्यापेक्षा कमी चघळते आणि त्याची लाळ इतरांच्या लाळेत पातळ होते, त्यामुळे खरे आकडे याहून कमी असतात. याचा अर्थ सरळ आहे: साथ नुकती सुरू होत असताना एका कप्प्याचा एक निगेटिव्ह दोर पुरेसा पुरावा नाही. जास्त कप्पे घ्या आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या.

कप्पे निवडताना शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या अंतरावरचे निवडावेत. दाराजवळचे दोनच घेण्याची सवय सर्रास दिसते. आजार शेडभर एकसारखा पसरत नाही, तो एका कोपऱ्यातून सुरू होतो.

दूध पिणाऱ्या पिल्लांचा नमुना घेता येतो का?

एकट्या पिल्लांकडून अवघड आहे, ती दोर नीट चघळत नाहीत. व्यायच्या कप्प्यात मादी आणि पिल्ले दोघांनाही पोचेल असा दोर टांगून कुटुंबाचा एकत्र नमुना घेतात. आई चघळते ते पाहून पिल्लेही येतात. मादीला आदल्या दिवशी सराव दिला असेल तर यश जास्त मिळते.

एकेका डुकराची लाळ कशी घ्यावी?

पॉलिप्रॉपिलीनसारख्या कृत्रिम धाग्याचा स्पंजाचा तुकडा घ्या, साधारण ६ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद. तो लवचिक धातूच्या कांबीला किंवा लांब चिमट्याला पक्का अडकवा आणि डुकरासमोर धरा. १ ते २ मिनिटे चघळू द्या, पूर्ण ओला होईपर्यंत. जनावराला धरू नका, दाबू नका. ते आले नाही तर दुसऱ्याकडे वळा आणि थोड्या वेळाने परत या. स्पंज तुटून गिळला जाणार नाही याकडे लक्ष हवे.

ओला स्पंज जाळीच्या तळाच्या नळीत टाकून लगेच बर्फात ठेवा. प्रयोगशाळेत ३००० जी (गुरुत्वाच्या ३००० पट) बलाने १० मिनिटे सेंट्रिफ्यूज केले की स्वच्छ लाळ खाली उतरते. अर्धा ते एक मिली मिळाली तरी बहुतेक चाचण्या होतात.

इथे कापूस का नाही, असे विचारले जाते. कापसातले वनस्पतिजन्य पदार्थ काही संप्रेरकांच्या आणि आयजीए प्रतिपिंडांच्या मोजणीत ढवळाढवळ करतात. रोगजंतूंसाठी सुती दोर चालतो, संप्रेरकांसाठी कापूस टाळावा.

कॉर्टिसॉल जास्त आले म्हणजे डुकरे तणावात आहेत का?

एवढ्यावरून म्हणता येत नाही, आणि सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष याच आकड्यावरून काढले जातात.

लाळेत कॉर्टिसॉलचा फक्त मोकळा, प्रथिनाला न चिकटलेला भाग येतो. त्यामुळे लाळेतला आकडा रक्तातल्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो. दोघांची थेट तुलना करू नये. दुसरे, कॉर्टिसॉलला दिवसाची लय आहे: सकाळी जास्त, दुपारनंतर कमी. ही लय वयाबरोबर ठळक होत जाते. एका शेडचा नमुना सकाळी ८ ला आणि दुसऱ्याचा दुपारी ४ ला घेऊन ‘पहिल्या शेडमध्ये ताण जास्त’ असे म्हणणे म्हणजे घड्याळ मोजणे आहे. तिसरे, खाणे, खेळणे, समागम, नव्या वस्तूचे कुतूहल यांनीही कॉर्टिसॉल वाढते. उत्साह आणि भीती यांतला फरक ते सांगत नाही.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. दीर्घकाळ त्रासात असलेल्या जनावरात कॉर्टिसॉल वाढलेले असेलच असे नाही. कधी ते नेहमीसारखे दिसते, कधी सकाळ-दुपारचा फरकच बोथट होतो. कोंदट, ओल्या, रिकाम्या कप्प्यात महिनोन्‌महिने राहिलेल्या डुकराचा एक सामान्य आकडा त्याचे बरे चालले आहे असे सांगत नाही. अशा ठिकाणी सकाळी आणि दुपारी असे दोन नमुने घ्या आणि फरक पाहा.

तात्पुरत्या ताणासाठी, म्हणजे वाहतूक, गट मिसळणे, वजन करणे, कॉर्टिसॉल उत्तम आहे. घटनेआधी एक नमुना, घटनेनंतर १५ ते ३० मिनिटांनी दुसरा, आणि एक-दोन तासांनी तिसरा. तिसऱ्या नमुन्यात आकडा खाली आला की नाही, हे पहिल्या उसळीपेक्षा जास्त सांगून जाते. दोराने मात्र कॉर्टिसॉल मोजू नका: अर्धा तास चढाओढ करत चघळलेल्या दोरात त्या चढाओढीचाच ताण उतरतो.

कॉर्टिसॉलशिवाय काय मोजावे?

हेतूनुसार. अडेनोसिन डीॲमिनेज हे विकर प्रतिकारपेशी कामाला लागल्या की वाढते, आणि संसर्गात तसेच लंगडणाऱ्या डुकरांतही वाढलेले आढळते. हॅप्टोग्लोबिन आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन दाह दाखवतात. लाळेत ती रक्ताच्या मानाने फार थोडी असतात, म्हणून त्यासाठी जास्त संवेदनशील चाचणी लागते. क्रोमोग्रॅनिन ए हे प्रथिन सिंपथेटिक (धोक्यात शरीराला सज्ज करणाऱ्या) मज्जासंस्थेच्या तात्काळ प्रतिसादाशी जोडलेले आहे आणि त्यावर दिवसाच्या वेळेचा परिणाम कॉर्टिसॉलपेक्षा कमी जाणवतो. माणसांत ताणाची खूण म्हणून लोकप्रिय असलेले अल्फा-अमायलेज डुकराच्या लाळेत मुळातच कमी असते.

ऑक्सिटोसिन चांगल्या अनुभवांची खूण म्हणून मोजतात आणि ही दिशा आम्हाला मोलाची वाटते, कारण कल्याण म्हणजे फक्त त्रासाचा अभाव नव्हे. पण वेगवेगळ्या प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या ऑक्सिटोसिनचे वेगवेगळे आकडे देतात. तुलना एकाच पद्धतीच्या आकड्यांची करा.

एकाच घटकावर विसंबू नका. ताणाचा एक, दाहाचा एक आणि प्रतिकारशक्तीचा एक असे किमान तीन घ्या. तिन्ही वाढले आणि कप्प्यात शेपट्या चावलेल्या दिसल्या, तर चित्र स्पष्ट आहे.

नमुना कशाने बिघडतो?

खाद्याने, शेणाने आणि रक्ताने. खाद्यात स्वतःची विकरे आणि प्रथिने असतात. लाळ पिवळट-तपकिरी आणि तळाला गाळ असेल तर विकरांचे आकडे खोटे वाढतात. म्हणून खाणे संपल्यावर किमान तासभर थांबून वैयक्तिक नमुना घ्या. शेणाने पीसीआर अडते आणि जिवाणू लाळेतली प्रथिने खाऊ लागतात.

रक्त सगळ्यात फसवे. दात बदलताना, हिरडीला जखम असताना किंवा कडक दोर फार वेळ चावल्याने थोडे रक्त येते. लाळ गुलाबी दिसली की हॅप्टोग्लोबिन, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, कॉर्टिसॉल यांचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. नळी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा. गुलाबी छटा असेल तर तसे लिहा आणि शक्य असल्यास नमुना पुन्हा घ्या. पीसीआरसाठी थोडे रक्त चालून जाते.

नमुना किती वेळ टिकतो?

घेतल्याबरोबर बर्फाच्या पेटीत, थेट उन्हात एक मिनिटही नको. २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. तेवढ्यात जमणार नसेल तर उणे २० अंशाला गोठवा. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर उणे ८०. वारंवार वितळवून पुन्हा गोठवू नका, आधीच छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. एकदा गोठवून वितळवलेली लाळ मात्र पिपेटमध्ये घ्यायला सोपी जाते, कारण तिच्यातला चिकट म्युसिन सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसतो.

अहवालातील सीटी म्हणजे काय?

पीसीआरला विषाणू दिसायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा. आकडा लहान, तर विषाणू जास्त. सुमारे ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. पण दोराचा सीटी हा अख्ख्या कप्प्याच्या मिसळलेल्या लाळेचा असतो. त्यावरून आजाराची तीव्रता ठरवू नये. सीटी मोठा असेल तर विषाणूचा जनुकीय क्रम लावणे सहसा जमत नाही, त्यासाठी आजारी डुकराचे रक्त किंवा ऊतक द्यावे.

प्रतिपिंडे सापडली, म्हणजे सध्या आजार आहे का?

नाही. ती जुन्या लागणीची, लसीची किंवा लहान पिल्लांत आईच्या चिकातून आलेली असू शकतात. जिवंत लस दिल्यावर पीसीआरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. नमुन्याबरोबर लसीचे नाव आणि तारीख न देणे ही प्रयोगशाळांची कायमची डोकेदुखी आहे. आणखी एक: रक्तद्रवासाठी बनवलेला एलायझा लाळेवर तसाच चालवू नये, लाळेसाठी नमुना पातळ करण्याचे प्रमाण आणि निकालाची सीमारेषा वेगळी असते.

आफ्रिकन स्वाइन फीवरचा संशय असेल तर दोर टांगावा का?

आधी सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा. हा अधिसूचित आजार आहे. नमुना घेणे, पाठवणे आणि जनावरे हलवणे त्यांच्या सूचनेनुसारच व्हायला हवे. विषाणू आधी आणि जास्त प्रमाणात रक्तात सापडतो, आणि तापलेली डुकरे दोर चघळत नाहीत. आजारी जनावराचे रक्त किंवा मेलेल्याची प्लीहा हा त्यासाठी योग्य नमुना आहे.

निरोगी डुकराचा सामान्य आकडा किती?

सगळीकडे लागू पडेल असा एक आकडा नाही. वय, लिंग, वेळ, स्पंज, चाचणीचे किट यांतले काहीही बदलले की आकडा बदलतो. आपल्याच कळपात, सगळे सुरळीत असताना, त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने प्रत्येक वयोगटातल्या १०-१२ डुकरांची लाळ तपासून ठेवा. पुढचे आकडे त्याच्याशी ताडून पाहा.

दोर धुऊन पुन्हा वापरता येतो का?

नाही. जाळून टाका. बांधायची पट्टी किंवा कडे मात्र निर्जंतुक करून वापरता येते.

नळीवर आणि सोबतच्या कागदावर काय लिहावे?

नळीवर न पुसणाऱ्या शाईने शेड, कप्पा आणि तारीख. झाकणावर लिहू नका, झाकणे बदलली जातात. कागदावर नमुना घेतल्याची नेमकी वेळ, डुकरांचे वय आठवड्यांत, कप्प्यातली संख्या, अंदाजे किती जणांनी चघळले, शेवटचे खाणे कधी झाले, लस व औषधे, आणि त्या दिवशी दिसलेला खोकला, लंगडणे, शेपटीच्या जखमा. लाळेचा रंग गुलाबी किंवा गढूळ असेल तर तेही.